राखीव नफा ८४० कोटी, गल्ल्यात २२ कोटी. मधले गेले कुठं?

मोंढेकर, लातूर

मंडळी, शेअर बाजारात मी नवा नाही आणि मुरलेलाही नाही. तीन वर्षं झाली, अडतीच्या पैशातून महिन्याला थोडं थोडं घेतो. आत्तापर्यंत टीव्हीवर जो जोरात बोलेल त्याचं ऐकलं, त्याचं फळ मिळालं. म्हणून यंदा ठरवलं, वार्षिक अहवाल स्वतः उघडायचा.

शेतीचे पाइप बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की धागा 'घेऊ का, विकू का' वर जातो. आकडे गोल करून देतो. आजच्या भावानं अख्खी कंपनी ९०० कोटींची. ताळेबंदात 'इतर इक्विटी'च्या (भागभांडवल सोडून मालकांचा बाकी पैसा) टिपेत राखीव नफा ८४० कोटी. मी म्हणलं, मायला! ९०० कोटींच्या कंपनीत ८४० कोटी साठून पडलेत, म्हणजे कारखाना, मशिनी, नाव, डीलर सगळं मिळून ६० कोटींत पडायलं की.

मग समोरच्या बाजूला रोख आणि बँक शिल्लक बघितली. २२ कोटी. पान चुकलं का म्हणून तीनदा बघितलं. ८१८ कोटी गेले कुठं? ही लबाडी आहे का माझं अडाणीपण? दोन्हीला तयार आहे.

कोरडवाहू, धाराशिव

विहिरीत गेले असतील. (चेष्टा नाही, खरंच तसं वाटायलंय.) वाचायलो, लिहा जाणकारांनी.

गोदाकाठ, नांदेड

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, चालू आहे, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

राखीव नफा ताळेबंदाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. भागभांडवलाच्या शेजारी, म्हणजे 'पैसा आला कुठून' या बाजूला. तिथं एवढंच लिहिलेलं असतं, की कंपनी सुरू झाल्यापासून जेवढा निव्वळ नफा झाला त्यातून तोटे आणि वाटलेला लाभांश वजा जाता मालकांचे इतके रुपये धंद्यात राहिले. ते राहिलेले रुपये आज कोणत्या रूपात आहेत ते दुसऱ्या बाजूला दिसतं. मशिनी, कच्चा माल, डीलरकडची उधारी, जमीन, आणि उरलंच तर रोख. त्यामुळे ९०० मधून ८४० वजा करता येत नाहीत. करायचेच तर आधी ९०० मध्ये कंपनीवरचं कर्ज धरून बेरीज करा, मग त्यातून रोख वजा करा.

वर्षाचा हिशोब सोपा आहे. आधीची शिल्लक, अधिक यंदाचा निव्वळ नफा, वजा लाभांश. 'इक्विटीतील बदलांचं पत्रक' असं एक पान असतं, लोक ते उलटून पुढं जातात. या आकड्याची ये-जा तिथंच दिसते.

अजून एक. त्याच टिपेत शेजारी 'सिक्युरिटीज प्रीमियम' असतो. तो नफा नव्हे. दहाचा शेअर दोनशेला विकला तर वरचे १९० तिथं जातात. ते भागधारकांच्याच खिशातून आलेले. दोन्ही एकत्र धरून 'कंपनीनं इतकं कमावलं' म्हणणारे व्हिडिओ मी पाहिलेत. 'सर्वसाधारण राखीव निधी' मात्र नफ्यातूनच गेलेला असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याआधी १० टक्क्यांवर लाभांश द्यायचा तर नफ्याचा ठरावीक हिस्सा त्यात टाकणं सक्तीचं होतं, आता ऐच्छिक आहे. जुन्या कंपन्यांत म्हणून तो मोठा दिसतो. मालकांनी मागं ठेवलेला नफा मोजताना तोही धरायचा.

मोंढेकर, लातूर

गोदाकाठ, धन्यवाद भावा. अर्धं डोक्यात शिरलं. तेवढ्यात एक गंमत झाली. जेवताना बाबांना विचारलं, "बाबा, दुकानाला गेल्या साली नफा झाला ना? मग पैसे कुठंयत?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी वाटणी मागायलो. मग म्हणले, "निम्मे शेतकऱ्यांना उचल दिलीय, थोडे गोदामात तुरीच्या पोत्यात हायत, आणि तो पत्र्याचा शेड कशातून बांधला वाटतंय तुला?"

वीस वर्षं मी त्या शेडमध्ये बसतो.

हिमरू, छत्रपती संभाजीनगर

😄 काकांनी दोन वाक्यांत ताळेबंद शिकवला. वाचनखूण साठवतेय.

खतावणी, परभणी

बँकेत एकतीस वर्षं कर्ज विभागात काढली. समोरच्यानं ताळेबंद ठेवला की तो काय सांगतोय यापेक्षा काय सांगत नाही ते बघायची सवय लागली, निवृत्तीनंतरही जात नाही. मोंढेकर, मालमत्तेची सगळी बाजू टाका. नुसती रोख बघून काही कळणार नाही.

मोंढेकर, लातूर

घ्या काका. कोटींत:
चालू कारखाना व मशिनरी ४३०
चालू असलेलं भांडवली काम (अजून पुरं न झालेलं बांधकाम, मशिनी) ९६
माल साठा २४०
ग्राहकांकडून येणं ३१०
समूहातल्या दुसऱ्या कंपनीला कर्ज ५०
रोख व बँक २२

एकूण १,१४८. समोर बँकांचं कर्ज १२०, पुरवठादारांचं देणं १५०, बाकी भागधारकांचं.

खतावणी, परभणी

आता बोलू.

पहिलं, वर्षाची विक्री किती ते तुम्ही दिलं नाही, तरी एक दिसतंय. ३१० कोटी येणं म्हणजे डीलरांच्या उधारीवर धंदा चाललाय. बी-बियाणं, खत, पाइप या धंद्यात हे असतंच, पाऊस लांबला की डीलरचा चेक लांबतो. पण दहा वर्षांत विक्री दुप्पट आणि येणं चौपट झालं असेल तर नफा कागदावर झालाय आणि माल लोकांच्या दारात पडलाय. हे तपासायला दहा वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज करा, आणि रोख प्रवाह पत्रकातल्या 'व्यवहारांतून आलेली रोख' या ओळीची बेरीज करा. दोन्ही जवळपास असाव्यात. घसारा, म्हणजे मशिनींच्या झिजेपोटी दर साली नफ्यातून कापतात ती रक्कम, ही रोख न जाणारी वजावट असल्यानं चांगल्या कारखान्यात दुसरी बेरीज थोडी जास्तच येते. निम्मी आली तर उठून बसा.

दुसरं, ९६ कोटींचं चालू काम. चालू म्हणजे कधीपासून चालू? २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये (ताळेबंद कसा मांडायचा ते तिथं असतं) दुरुस्ती झाली, तेव्हापासून या रकमेची वयोमानानुसार फोड द्यावी लागते. एक वर्षाच्या आतलं किती, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांवरचं किती. तसाच तक्ता ग्राहकांकडच्या येण्याचाही असतो. तो शोधा.

तिसरं, ते ५० कोटींचं घरगुती कर्ज. व्याज येतंय का, कुणाची कंपनी, 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या टिपेत मिळेल. आमच्या शाखेत अशा कर्जाला एक वेगळं नाव होतं, इथं संपादक उडवतील.

कोरडवाहू, धाराशिव

काका, एक अडाणी प्रश्न. आमच्या वडलांनी २०१५ ला सोयाबीनच्या पैशातून दोन बोअर मारले. दोन्ही कोरडे. साडेचारशे फूट गेले, नुसता फुफाटा. घरात अजूनही बोलताना "रानात दोन बोअर हायत" असंच म्हणतात. कंपनीचं बोअर कोरडं गेलं तर ताळेबंदात काय लिहितात?

खतावणी, परभणी

अडाणी म्हणू नका, धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा आहे.

नियमानं मालमत्तेची किंमत घटल्याचं दाखवायचं, तेवढी रक्कम त्या वर्षीच्या नफ्यातून कापायची, म्हणजे पर्यायानं राखीव नफाही तेवढा खाली येतो. पण कापलं की नफा पडतो, नफा पडला की भाव पडतो, बँक विचारायला येते. म्हणून ज्यांना जमतं ते "रानात दोन बोअर हायत" असंच म्हणत राहतात. चालू कामाच्या खात्यात टाकलं तर घसाराही लागत नाही, कारण ते अजून वापरात आलेलं नाही ना!

कोरडवाहू, धाराशिव

वडलांना दाखवलं. म्हणले, "त्या काकाला म्हणावं, एका बोअरला पावसाळ्यात पाणी लागतं." 🙏

धरणग्रस्त, पैठण

सगळे एवढं खोदायलेत, पण मला साधी गोष्ट सांगा. नफा माझा ना? मग वाटून का टाकत नाहीत? मी फक्त लाभांश देणाऱ्या कंपन्या घेतो. हातात आलं ते आपलं. राखीव बिखीव म्हणजे मालकानं आपल्या पैशावर मारलेली गादी.

हिमरू, छत्रपती संभाजीनगर

धरणग्रस्त, एवढं सरसकट नको. मी वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी बघते. दर तीन-चार वर्षांनी गाडीचं मॉडेल बदलतं, डाय बदलतात, मशीन बदलते. नफा सगळा वाटून टाकला असता तर दर वेळी बँकेच्या दारात उभं राहावं लागलं असतं, नाहीतर ऑर्डर सोडावी लागली असती. घरचं बी राखून ठेवल्यासारखं आहे ते.

पण तुमच्या रागात एक खरी गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वी ४० लाखांना आलेली मशीन आज त्याच दर्जाची घ्यायला कितीतरी जास्त लागतात. घसारा मात्र जुन्या ४० लाखांवरच कापलेला. म्हणजे राखलेल्या नफ्यातला एक हिस्सा नुसता होतं तिथं टिकून राहायला जातो, वाढीला नाही. पोलाद, सिमेंट, साखर, सुटे भाग अशा यंत्रांवर चालणाऱ्या धंद्यात हा हिस्सा मोठा. तो नफा तुमचा आहे असं कागद म्हणतो, पण तो वाटला तर कारखाना मोडीत जाईल.

गोदाकाठ, नांदेड

आणि कराची बाजू. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावर कंपनीच कर भरून मोकळी व्हायची. १ एप्रिल २०२० पासून तो कर गेला, आता लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबनं कर लागतो. ३० टक्क्यांत बसणाऱ्या माणसाला शंभराचा लाभांश हातात साधारण सत्तरच. तेच शंभर कंपनीनं आत ठेवून नीट वापरले तर अख्खे शंभर कामाला लागतात. 'नीट वापरले तर' यावर सगळं आहे, ते मान्य.

धरणग्रस्त, पैठण

तेच तर म्हणायलो. नीट वापरले हे कोण सांगणार? अध्यक्षांच्या पत्रात तर दर साली नीटच असतंय.

खतावणी, परभणी

मोजता येतं. मोंढेकर, दहा वर्षांचे प्रति शेअर आकडे आहेत का? नफा, लाभांश, भाव?

मोंढेकर, लातूर

आहेत. दहा वर्षांपूर्वी शेअरमागं नफा १२ रुपये होता, आता २१. दहा वर्षांच्या नफ्याची बेरीज १६५ रुपये. त्यातले ४५ लाभांश म्हणून वाटले. भाव तेव्हा १८०, आता २४०.

खतावणी, परभणी

घ्या कागद.

१६५ कमावले, ४५ दिले, १२० राखले. हे १२० रुपये तुमच्या वतीनं व्यवस्थापनानं गुंतवले. त्यातून वर्षाचा नफा किती वाढला? १२ वरून २१, म्हणजे ९ रुपये. १२० वर ९ म्हणजे साडेसात टक्के. बँकेतल्या मुदत ठेवीच्या आसपास, आणि ठेवीत डीलर बुडत नाही.

'नफा दहा वर्षांत पाऊणपट वाढला' असं अहवालात पहिल्याच पानावर छापलं असेल बघा. १२० रुपये आत घालून पाऊणपट वाढवणं हे काही कौतुक नाही. ठेवीवरचं व्याज काढलं नाही तर तीही वाढते.

अजून एक चाचणी. अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी त्यांच्या भागधारकांसाठी सांगून ठेवलीय, राखलेल्या प्रत्येक डॉलरमागं बाजारमूल्य कालांतरानं निदान एक डॉलरनं वाढलं पाहिजे. एखाद्या वर्षावर नाही, पाच वर्षांच्या टप्प्यात बघायचं. तुमच्या पाइपवाल्यानं १२० राखले, भाव ६० नं वाढला. रुपयाचे आठ आणे झाले. तोच बफेट स्वतः लाभांश देत नसे, त्याच्या बर्कशायर कंपनीनं त्याच्या काळात एकदाच, १९६७ मध्ये दिला. पण लोक तक्रार करत नसत, कारण तिथं राखलेल्या रुपयाचे आठ आणे झाले नाहीत.

गोदाकाठ, नांदेड

काकांच्या गणितात तीन अडचणी लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी उद्या सगळ्या कंपन्यांना हेच लावेल. एक, सुरुवातीचं किंवा शेवटचं वर्ष दुष्काळाचं किंवा सुगीचं असेल तर उत्तर वेडंवाकडं येतं. २०१५-१६ पासून धराल तर पाइपवाल्याचं सुरुवातीचं वर्षच पडलेलं असू शकतं. दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या. दोन, नफा कर्ज काढूनही वाढतो, तेव्हा वाढ राखलेल्या पैशाची की बँकेच्या पैशाची ते वेगळं करा. तीन, मधे बोनस शेअर (पैसे न घेता वाटलेले जादा शेअर) दिले असतील तर जुने प्रति शेअर आकडे त्या प्रमाणात कमी करून घ्या. नाहीतर एकास एक बोनसनंतर नफा निम्मा झाला असं वाटेल.

धरणग्रस्त, पैठण

बोनस दिला की नाही यांनी? बोनस म्हणजे तरी फुकट ना!

गोदाकाठ, नांदेड

फुकट काहीच नाही. कंपनी कायद्याच्या कलम ६३ नुसार बोनस मुक्त (म्हणजे वाटता येण्याजोगा) राखीव निधी, सिक्युरिटीज प्रीमियम किंवा भांडवल विमोचन निधीतून (परत घेतलेल्या शेअरांपोटी बाजूला ठेवलेला) देता येतो. राखीव नफ्यातली रक्कम उचलून भागभांडवलात टाकतात. बेरीज तीच राहते. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले, पीठ तेवढंच.

भाकरी, बीड

माझ्या आयडीचा गैरवापर थांबवा.

हिमरू, छत्रपती संभाजीनगर

एक उलटा मुद्दा राहिला. राखीव नफा भरपूर आणि रोखही भरपूर दिसली म्हणजे सगळं बरं, असंही नाही. सत्यम या संगणक कंपनीचं आठवा. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात रोख व बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. वर्षानुवर्षं नफा फुगवला, तो नफा राखीव म्हणून एका बाजूला साठत गेला, मग दुसऱ्या बाजूला काहीतरी दाखवायला पाहिजे म्हणून बँक शिल्लक फुगवली. एवढी रोख असून तिच्यावर व्याज किती येतंय, एवढं भागून बघणारा माणूस आधीच दचकतो.

खतावणी, परभणी

ताई, अगदी. आमच्याकडं उलट सक्ती होती हे सहज सांगतो. बँकांना लाभांश देण्याआधी नफ्याचा हिस्सा वैधानिक राखीव निधीत टाकावाच लागतो. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १७ मध्ये किमान २० टक्के आहे, रिझर्व्ह बँकेनं ते २५ केलं. त्यामुळे बँकेचा ताळेबंद बघताना 'एवढा का राखला' हा प्रश्न तितका लागू पडत नाही. तिथं भांडवल हीच कर्ज द्यायची ताकद, आणि बुडीत कर्जाचा मार तिथंच बसतो.

मोंढेकर, लातूर

मंडळी, दोन दिवस गायब होतो. हरभऱ्याची आवक वाढली, पट्ट्या करता करता बोटं दुखली.

काकांनी सांगितलेले तक्ते सापडले. पान नंबर दोनशेच्या पुढं, अक्षर मुंगीएवढं. चालू कामाच्या ९६ कोटींपैकी ७१ कोटी तीन वर्षांच्या वरचे. खाली टीप, 'दुसऱ्या राज्यातील प्रस्तावित प्रकल्प, मंजुरी प्रलंबित'. येण्याच्या ३१० पैकी ६४ कोटी वर्षाच्या वरचे. ५० कोटींचं कर्ज प्रवर्तकांच्या बांधकाम कंपनीला, व्याज 'जमा होत आहे' असं लिहिलंय. जमा होत आहे म्हणजे आलं नाही ना काका?

दहा वर्षांच्या नफ्याची बेरीज ६२० कोटी, व्यवहारांतून आलेल्या रोखीची ४३०. निम्म्यापेक्षा बरी, पण बाबांना आकडा सांगितला तर ते म्हणले, "आपली उचल यापेक्षा बरी वसूल होते."

गोदाकाठ म्हणला तसं तीन-तीन वर्षांची सरासरी घेऊन पुन्हा केलं. साडेसातचं साडेआठ झालं. त्यापलीकडं सरकत नाही.

खतावणी, परभणी

जमा होत आहे म्हणजे नफ्यात धरलंय, हातात आलेलं नाही. आणि तेच व्याज पुन्हा राखीव नफ्यात जाऊन बसलंय बघा.

मात्र एक गोष्ट कंपनीच्या बाजूनं सांगतो. चालू कारखाना वेगळा काढून बघा. ७१ अडकलेले आणि ५० कर्ज बाजूला ठेवले तर उरलेल्या पैशावर हा धंदा बऱ्यापैकी कमावतोय. पाइप वाईट नाहीत. मालकाचा हात वाईट आहे.

धरणग्रस्त, पैठण

म्हणजे मी म्हणलो तीच गादी!

हिमरू, छत्रपती संभाजीनगर

या वेळेस तुम्ही जिंकलात. 🙂 कंपनीचं लाभांश वाटप धोरण पण वाचा मोंढेकर. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ते जाहीर करणं सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, बंधनकारक केलंय. राखलेला नफा कशासाठी वापरणार हेही त्यात लिहावं लागतं. तुमची त्यात बसत असेल तर संकेतस्थळावर सापडेल.

मोंढेकर, लातूर

बसत नाही बहुतेक, लहान आहे. म्हणून दुसरं केलं. एक शेअर घेतला. फक्त एक, २४१ रुपयांना. वार्षिक सभा व्हिडिओवर आहे, बोलणाऱ्यांमध्ये नाव नोंदवायला ईमेल टाकलाय. दोन-तीन मिनिटं देतात म्हणे. प्रश्न असा लिहिलाय, बघा जमतंय का:

'चालू भांडवली कामातील ७१ कोटी रुपये तीन वर्षांहून अधिक काळ पडून आहेत. त्या जागेवर आज प्रत्यक्ष काय उभं आहे? आणि समूह कंपनीच्या कर्जावरचं व्याज रोखीत शेवटचं कधी मिळालं?'

कोरडवाहू, धाराशिव

"प्रत्यक्ष काय उभं आहे" च्या पुढं "फोटो दाखवा" टाका. आमच्या बोअरवर निदान लोखंडी झाकण तरी आहे.